फुग्यातलं तारांगण, विश्रामबाग सांगली : साडेतीन स्टार, त्यातला एक त्या पोराचा

पुष्पराज चौकात फ्लेक्स लागलेला, ‘आज रात्री चंद्राच्या जागी गुरू उगवला तर?’, आणि खाली आपल्या गणपती मंदिराच्या शिखरामागं गुरूचा एवढा थोरला गोळा की शिखर त्याच्यापुढं काडेपेटीतली काडी. भाची गाडीवर मागं बसलेली, तिनं ते बघितलं आणि घर येईपर्यंत माझा शर्ट ओढून ओढून मामा जायचं, मामा जायचं. गेलो मग रविवारी. तिकीट १२० रुपये माणशी, शो साधारण ४० मिनिटांचा, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमधे हवा भरलेला काळा फुगा उभा केलाय आणि त्यात मांडी घालून वर बघायचं. शाळेच्या ट्रिपला मुंबईचं नेहरू तारांगण बघितलेलं तेवढाच माझा अनुभव, ते १९७७ चं पक्कं बांधलेलं, हा आपला टेम्पोतनं येणारा घुमट, त्यामुळं अपेक्षा बेतानंच ठेवलेली.

आधी रडगाणं उरकतो. चपला बाहेर काढायच्या, स्टँड नाही, शंभरेक चपलांचा ढीग. आत रांगत जायचं. माझ्यापुढच्या काकूंना दोघांनी धरून आत घेतलं आणि आत टेकल्यावर त्या म्हणाल्या आता बाहेर कोण काढणार ते आधी सांगा. ब्लोअर सतत घरघर करतो, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं, आणि गरम होतं, पाण्याची बाटली न्या. सगळ्यात राग याचा आला की फ्लेक्सवर ठळक ‘मराठीत’ लिहिलंय आणि आत रेकॉर्डिंग हिंदी, दर दोन मिनिटाला ‘कल्पना कीजिए’. अहो मराठीत सांगा की, करतो की कल्पना.

आता शो. विषय साधा आहे. चंद्र आपल्यापासनं सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, तिथनं चंद्र उचलायचा आणि त्याच जागी एकेक ग्रह ठेवून बघायचा. सुरुवात मात्र भारी केलीय, सांगलवाडीकडनं बघितल्यासारखं क्षितिज घेतलंय, पुढं कृष्णा, आयर्विन पूल, पलीकडं गावातले दिवे, आणि त्यावर आपला नेहमीचा चंद्र वर येतो. मग तो विझतो आणि तिथं मंगळ. चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंद, तांबूस, ध्रुवावर पांढरी टोपी. याच्यावर ते जास्त थांबायला पाहिजे होते असं मला वाटलं कारण मंगळावरची ती मोठी दरी, व्हॅलेस मरिनेरिस, चार हजार किलोमीटर लांब आहे, म्हणजे चंद्राएवढ्या अंतरावर असती तर गच्चीवरनं साध्या डोळ्यांनी चरा पडल्यासारखी दिसली असती, आणि ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी ६०० किलोमीटर रुंद, तो सुद्धा ठिपक्याएवढा का होईना पण दिसला असता. यातलं काही सांगितलं नाही, मंगळ आला आणि गेला.

शुक्र साडेतीन चंद्रांएवढा रुंद. पांढराफेक, वर काहीच नाही, नुसत्या ढगांचा गोळा, पोरं बोअर झाली. पण खरी गंमत आकारात नाहीच, उजेडात आहे. आपला चंद्र दिसतो चांदीसारखा पण त्याची माती जुन्या डांबरी रस्त्यासारखी काळपट आहे, पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के परत पाठवते. शुक्राचे ढग त्याच्या पाच-सहा पट जास्त पाठवतात आणि वर गोळा मोठा, रुंदीला साडेतीन पट म्हणजे पसाऱ्याला बारा पट, दोन्हीचा गुणाकार केला तर शुक्राची पौर्णिमा आपल्या पौर्णिमेच्या ७० पटीच्या आसपास उजेडाची झाली असती, गच्चीत बसून आरामात पेपर वाचा. फुग्यातला प्रोजेक्टर बिचारा तेवढा उजेड कुठनं आणणार, त्यात त्यांची चूक नाही, पण एक वाक्य तरी?

युरेनस आणि नेपच्यून पटकन उरकले, ठीक आहे.

मग गुरू आला. म्युझिक ढण् करून वाढलं आणि गुरूनं अर्धा घुमट भरून टाकला, पट्टे, वादळं, तो लाल डाग, पोरांनी किंचाळून फुगा डोक्यावर घेतला, भाचीनं माझा दंड धरला. मी पण दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून बघत होतो खोटं कशाला बोलू. पण मग डोक्यात आलं, अर्धं आभाळ? हे कायतरी जास्त होतंय. मोबाईलचा उजेड शर्टाच्या आत लपवून हिशोब केला, साधा असतोय, व्यास भागिले अंतर गुणिले ५७, की अंश येतात. गुरूचा व्यास १ लाख ४३ हजार किलोमीटर, भागिले ३ लाख ८४ हजार, गुणिले ५७, आले २१ अंश. अर्धं आभाळ म्हणजे ९० अंश. यांनी गुरू चौपट फुगवलाय!

२१ अंश म्हणजे किती ते मोजायला काही लागत नाही, हात सरळ लांब करा आणि वीत पसरा, अंगठ्यापासनं करंगळीपर्यंत साधारण वीस अंश भरतात. म्हणजे चंद्राच्या जागी गुरू आला तर तो एक वीत. नेपच्यून मुठीमागं झाकेल. मंगळ करंगळीमागं झाकेल. आणि आपला चंद्र अर्धा अंश, करंगळीच्या अर्ध्या रुंदीत बसतो, हे कुणाला पटत नाही, करून बघा. प्लूटो तर चंद्राहून बारका, त्याच्या दोन तृतीयांश. मला विचाराल तर ही वीत त्या अर्ध्या घुमटापेक्षा जास्त अंगावर येते, कारण आपल्याच हाताएवढा गोळा आपल्याच गल्लीवर, आणि नुसता तो लाल डागच आपल्या चंद्राच्या चौपट तरी रुंद, गुरूला स्वतःभोवती फिरायला दहा तास पण लागत नाहीत त्यामुळं संध्याकाळी कडेला दिसलेला डाग मध्यरात्रीपर्यंत बराच सरकलेला. फुगवायची गरजच काय होती.

शनीत पण तेच. कडी अशी तिरकी, कॅलेंडरवरच्या फोटोसारखी. मोठी कडी टोकापासनं टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर, म्हणजे आभाळात जवळजवळ दोन विती, ते खरंच डोळे फिरवणारं आहे. पण शनीचे बहुतेक मोठे चंद्र कड्यांच्याच पातळीत फिरतात, आणि तिथनं कडी ताटासारखी दिसत नाहीत, आडवा धरलेला कागद दिसतो तशी दिसतात, एक बारीक रेघ. आपण पण त्याच पातळीत फिरलो असतो तर शनीच्या पोटावर दोरा बांधल्यासारखं दिसलं असतं, बास. कॅलेंडरवालं दृश्य पाहिजे तर आपली वाट तिरकी पाहिजे. शेवटी सूर्य ठेवला आणि सगळा घुमट पांढरा केला, ते मात्र शंभर टक्के बरोबर, सूर्याची त्रिज्याच सात लाख किलोमीटरच्या आसपास, आपण आतच.

शो संपला, दिवे लागले, आणि इथनं पुढं पैसे वसूल झाले. प्रोजेक्टर चालवणारा पोरगा, वीस-बावीसचा असेल, म्हणला कुणाला काय विचारायचंय का. मी वितीचं विचारलं. तो हसला, म्हणला, “बरोबर आहे दादा, खरा वितीएवढाच येतो. मागच्या गावात तसाच दाखवलेला, तर लोक म्हणले एवढाच?” आता यावर काय बोलणार.

मग एका बाईंनी विचारलं समुद्राचं काय होईल. तो म्हणला, चंद्रापेक्षा गुरूचं वजन २५ हजार पटीच्या वर, भरती-ओहोटीची ओढ त्याच हिशोबानं वाढणार. मागनं एका आजोबांचा आवाज आला, “आयर्विनला किती फूट होईल ते सांग.” अख्खा फुगा हसून हलला! ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या पोराटोरांना पाठ, २०१९ चा महापूर बघितलेल्या गावाला पाणी वाढणार म्हणलं की दुसरं काय सुचणार.

पण पोरगा हुशार, त्यानं हसणं थांबायची वाट बघितली आणि मग जे सांगितलं ते रेकॉर्डिंगमधे असायला पाहिजे होतं. म्हणला, गुरू तिथं ठेवला तर तो आपल्याभोवती फिरणार नाही, तो पृथ्वीच्या ३१८ पट जड आहे, आपणच त्याचा चंद्र होणार, आणि एक फेरी साधारण ३७ तासात. म्हणजे महिना दीड दिवसाचा! दीड दिवसाचा गणपती बसवायचा आणि विसर्जनाला निघेपर्यंत पौर्णिमा ते पौर्णिमा झालेली. दर दीड दिवसाला संकष्टी, आईला घरी सांगितलं तर म्हणली मग मी जेवायचं कधी. आणि पौर्णिमेला गुरूचा उजेड एवढा, की रात्र ढगाळ दिवसासारखी, तारे विसरा.

पुढं तो म्हणला हे सगळं नुसती कल्पना नाही, अशी जागा खरंच आहे. गुरूचा आयो नावाचा चंद्र, आपल्या चंद्रापेक्षा जरासाच मोठा, आणि गुरूपासनं ४ लाख २२ हजार किलोमीटरवर, म्हणजे जवळपास आपण बोलतोय तेच अंतर. त्याची वाट पूर्ण गोल नाही, शेजारचे चंद्र त्याला ओढत राहतात, त्यामुळं जवळ गेला की जास्त ताणला जातो, लांब गेला की सैल, कणीक मळल्यासारखा सारखा मळून निघतो आणि आतनं तापतो. १९७९ च्या मार्चमधे व्हॉयेजर १ हे यान तिथनं गेलं तेव्हा ज्वालामुखी चालू असताना सापडले. मग पृथ्वी फुटेल का, भाचीनं विचारलं. तो म्हणला नाही, फुटायला याच्यापेक्षा बरंच जवळ जायला लागतंय, पण मळली जाईल. हे बोलताना त्यानं हातानं कणीक मळून दाखवली. या दहा मिनिटांसाठी मी परत १२० देईन.

रात्री गच्चीवर गेलो, चंद्र वर आलेला, भाचीनं एक डोळा मिटून करंगळी लावली, चंद्र गायब. मग वीत पसरली आणि तशीच उभी राहिली बराच वेळ. हात दुखला तेव्हा दुसरा हात लावला. खाली बायको जेवायला हाका मारत होती ते दोघांना ऐकूच आलं नाही.

तर जायचं असेल तर शेवटच्या शोला जा, मागं दुसरी बॅच उभी नसते आणि तो पोरगा निवांत बोलतो. मालकांनी मराठी रेकॉर्डिंग करून घ्यावं, ते पण त्या पोराच्याच आवाजात करा. आणि चपलांना स्टँड ठेवा, कारण माझा डावा सँडल, काळा, आठ नंबर, कुणीतरी घालून गेलंय आणि तिथं उरलेला डावा तपकिरी सात नंबर माझ्याकडं आहे. ज्यांचा असेल त्यांनी तिकीट खिडकीवर सांगून ठेवा, मी बुधवारी परत जाणार आहे.