प्रवासात फोटो सांभाळण्यासाठी टॅबलेट : आयपॅड, गॅलॅक्सी टॅब की सरफेस?

ताडोबाच्या सफारीसाठी टॅबलेट घ्यायला दुकानात गेलेल्या छायाचित्रकाराला प्रोसेसरचे नाव, पडद्याचा आकार आणि किंमत या तीन गोष्टी सर्वांत आधी सांगितल्या जातात. मुक्कामावर त्याला पडणारे काम मात्र निराळेच असते. सकाळची फेरी आटोपून परतल्यावर दुपारच्या फेरीसाठी पुन्हा गेटवर हजर होईपर्यंत जे तीन-चार तास मिळतात, त्यांत जेवण आणि विश्रांती सांभाळून कार्ड रिकामे करायचे असते, शेकडो फोटोंची छाननी करायची असते आणि वेळ उरलाच तर दोन-चार फोटोंचे संपादन करायचे असते. संपादनाचा क्रम शेवटचा आहे आणि आजचा कोणताही बरा टॅबलेट ते काम नीट करतो. म्हणून या तुलनेत मी कसोटी लावली आहे ती वेगळी : फोटो कार्डातून बाहेर किती लवकर आणि किती खात्रीने येतात, आणि घरी परतल्यावर ते मुख्य संगणकावरच्या संग्रहात किती सहज मिसळतात.

आधी हिशेब पाहू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता नोंदवलेला मूळ फोटो, साधारण २५ ते ३० एमबीची असते. दिवसाला ६०० फोटो म्हटले, आणि वाघ समोर आला की हा आकडा सकाळच्या एकाच फेरीत गाठला जातो, तरी रोजचे किमान १५ जीबी होतात. दहा दिवसांच्या लडाख प्रवासात हेच १५० जीबीच्या पुढे जातात आणि ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट होतात. याचा अर्थ असा की १२८ जीबीचा टॅबलेट हे सगळे स्वतःच्या पोटात ठेवू शकत नाही, आणि जास्त साठवणीचा टॅबलेट घेण्यासाठी कंपन्या जो फरक आकारतात त्याहून कमी पैशांत चांगली बाहेरची एसएसडी, म्हणजे केबलने जोडायची वेगवान साठवण डिस्क, मिळते. म्हणजे खरा प्रश्न कार्डातले फोटो टॅबलेटमार्फत एसएसडीवर उतरवण्याचा आहे, आणि तो टॅबलेटच्या पोर्टवर येऊन थांबतो.

दिसायला सगळीकडे यूएसबी-सीच असते, पण आतला वेग सारखा नसतो. २०२५ मध्ये आलेल्या ए१६ चिपच्या साध्या आयपॅडचा पोर्ट आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस९ एफईचा पोर्ट जुन्या यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटने चालतो (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबी हाती लागतात आणि ६४ जीबीचे भरलेले कार्ड उतरवायला जवळजवळ अर्धा तास जातो. हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीला, कार्ड रीडर आणि एसएसडी दोन्ही जोडून थेट प्रत करायची असेल, तर वाचणे आणि लिहिणे एकाच अरुंद वाटेने होत असल्यामुळे हा वेळ साधारण दुप्पट धरावा. आयपॅड मिनी आणि आयपॅड एअर यांचा पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटचा आहे, गॅलॅक्सी टॅब एस९ आणि एस१० मालिकेतील मुख्य मॉडेलांचा ५ गिगाबिटचा, तर आयपॅड प्रोचा थंडरबोल्ट पोर्ट ४० गिगाबिटपर्यंत जातो. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बहुसंख्य लोकांकडे असलेले यूएचएस-१ प्रकारचे एसडी कार्ड साध्या रीडरमधून सेकंदाला १०४ एमबीच्या वर जाऊच शकत नाही, आणि यूएचएस-२ कार्डाची मर्यादाही साधारण ३१२ एमबी आहे. कार्डच वाट अडवून बसले असताना एअरऐवजी प्रो घेऊन प्रत लवकर होत नाही. एअर, मिनी किंवा गॅलॅक्सी टॅब एस९ यांच्यावर तेच ६४ जीबीचे साधे कार्ड बारा-तेरा मिनिटांत उतरते, आणि ज्याला फक्त स्थिरचित्रे काढायची आहेत त्याला एवढे पुरेसे आहे.

पोर्टच्या वेगाइतकेच पोर्टच्या संख्येला महत्त्व आहे, हे मी नुकसान सोसून शिकलो. एका मुक्कामावर रात्री हबला कार्ड रीडर, एसएसडी आणि चार्जर असे तिन्ही जोडून प्रत लावली आणि झोपलो. मध्येच हब सैल झाला असावा. सकाळी घाईत फोल्डर दिसला म्हणून कार्ड फॉरमॅट केले आणि घरी आल्यावर कळले की त्या दिवसाचे निम्मे फोटो उतरलेलेच नव्हते. आयपॅड आणि गॅलॅक्सी टॅब या दोघांनाही एकच पोर्ट असल्यामुळे ही जोखीम दोघांकडे सारखीच आहे. आयपॅड एअर आणि प्रोला जोडता येणाऱ्या मॅजिक कीबोर्डवर दुसरा यूएसबी-सी पोर्ट असतो, पण तो केवळ चार्जिंगसाठी आहे. तरीही चार्जर तिकडे लावून मुख्य पोर्ट मोकळा ठेवता येतो, हा त्याचा कमी बोलला जाणारा फायदा आहे. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोला (२०२४ ची अकरावी आवृत्ती) यूएसबी ४ चे दोन पोर्ट आहेत आणि चार्जिंगसाठी त्याची स्वतःची वेगळी जागा आहे. त्यामुळे एका बाजूला रीडर आणि दुसऱ्या बाजूला एसएसडी लावून हबशिवाय काम होते. कॉपीची खात्री या एका निकषावर सरफेस तिघांत पुढे आहे, कारण विंडोजवर प्रत झालेल्या फाइली मूळ फाइलींशी तंतोतंत ताडून पाहणारी साधने सहज मिळतात, तर आयपॅडच्या फाइल्स ॲपमध्ये आपल्याला फाइलींची संख्या आणि आकार स्वतःच जुळवून पाहावे लागतात.

गॅलॅक्सी टॅबच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा म्हणजे मायक्रोएसडीची जागा. ती उपयोगी आहे, पण सांगितले जाते तशी नाही. कॅमेऱ्याचे मोठे एसडी कार्ड तिच्यात बसत नाही. ड्रोन किंवा ॲक्शन कॅमेऱ्याचे मायक्रोएसडी बसते, पण ट्रे पिनेने उघडावा लागत असल्याने रोज कार्ड काढा-घाला करण्यासाठी ती सोय नव्हे. तिच्यात एक मोठे कार्ड कायमचे बसवून ठेवावे आणि निवडक फोटोंची दुसरी प्रत तेथे ठेवावी, हा तिचा योग्य वापर होय. एसएसडी बॅगेत आणि टॅबलेट हातात, अशा दोन ठिकाणी फोटो राहिले की एक वस्तू हरवली तरी सगळे जात नाही.

आता ॲपकडे वळू, कारण येथे आयपॅड आणि अँड्रॉइड यांतील अंतर अजून मोठे आहे. ॲडोबीचे लाइटरूम हे फोटो छाननी-संपादनाचे ॲप दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे चांगले चालते. रॉ फाइलींच्या संपादनासाठी त्याची सशुल्क योजना मात्र दोन्हीकडे लागते. आयपॅडवर २०१९ पासून फोटोशॉप आहे, २०२२ पासून रॉ संपादनाचे कॅप्चर वन आहे, शिवाय फोटोमेटरसारखी सुटसुटीत साधने आहेत. कॅप्चर वन अँड्रॉइडवर नाही. घरी कॅप्चर वनवर काम करणाऱ्याने त्यामुळे गॅलॅक्सी टॅबचा विचार येथेच थांबवावा. ज्याचे सगळे काम लाइटरूमवर चालते त्याच्यासाठी मात्र हे अंतर जवळजवळ पुसले जाते, आणि गॅलॅक्सी टॅबचा एस पेन खोक्यातच मिळत असल्याने चेहऱ्यावरचा किंवा पिसांवरचा प्रकाश हलक्या हाताने उजळण्यासाठी वेगळा खर्च येत नाही. ॲपल पेन्सिल प्रो वेगळी घ्यावी लागते आणि ती भारतात ११,९०० रुपयांना आली होती.

घरी लाइटरूम क्लासिक ही संगणकावरची आवृत्ती वापरणाऱ्यांनी मात्र एक गुंता आधीच समजून घ्यावा. क्लासिक फक्त विंडोज आणि मॅकवर चालते. टॅबलेटवरच्या लाइटरूममध्ये घेतलेला फोटो आधी क्लाउडवर चढतो आणि मग घरच्या क्लासिकमध्ये मूळ फाइलीसह उतरतो. कल्पना सुरेख आहे, पण जंगलाच्या कडेला दहा मेगाबिटचा वेग मिळाला असे धरले तरी दिवसाचे १५ जीबी चढायला तीन तास वीस मिनिटे लागतात, आणि तेवढे नेटवर्क तेथे सलग टिकत नाही. म्हणून सगळे कार्ड लाइटरूममध्ये ओतण्याऐवजी सर्व फोटो एसएसडीवर उतरवावेत आणि छाननी करून निवडलेले तीस-चाळीस फोटोच लाइटरूममध्ये घ्यावेत. एवढे फोटो त्याच वेगाने वीस मिनिटांच्या आत चढतात. घरी आल्यावर हेच निवडक फोटो एकदा क्लाउडमधून आणि एकदा एसएसडीवरून असे दोनदा संग्रहात शिरतात, तेव्हा एसएसडीवरून आयात करताना दुबार फोटो वगळण्याचा पर्याय चालू ठेवण्यास विसरू नये. छाननी जलद व्हावी म्हणून कॅमेऱ्यात रॉ सोबत लहान जेपेगही नोंदवून घ्यावे, कारण कोणत्याही टॅबलेटवर जेपेग झरझर उघडतात, तर रॉ फाइली एकामागून एक पाहताना थांबावे लागते.

सरफेसवर हा गुंता उद्भवतच नाही, कारण तेथे पूर्ण विंडोज आहे आणि घरच्यासारखीच फोल्डरची रचना प्रवासातही ठेवता येते. त्याची किंमत वजनात चुकवावी लागते. सरफेस प्रो एकटाच सुमारे ९०० ग्रॅमचा आहे आणि कीबोर्ड जोडल्यावर तो सव्वा किलोच्या घरात जातो, म्हणजे तेरा इंची मॅकबुक एअरइतकाच. एवढे वजन उचलायची तयारी असेल तर सरळ लॅपटॉप का घेऊ नये, याचे पटणारे उत्तर ज्याच्यापाशी पेनने काम करण्याची गरज हे आहे, त्यानेच सरफेस घ्यावा. त्याची स्नॅपड्रॅगन चिप एआरएम प्रकारची, म्हणजे नेहमीच्या विंडोज संगणकांपेक्षा वेगळ्या रचनेची असल्याने जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर चालतील का, हेही आधी पाहून घ्यावे लागते. याच्या उलट ११ इंची आयपॅड एअर साधारण ४६० ग्रॅम, गॅलॅक्सी टॅब एस९ सुमारे ५०० ग्रॅम आणि ८.३ इंची आयपॅड मिनी अवघा २९३ ग्रॅम भरतो. मिनी कॅमेऱ्याच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात सहज बसतो आणि छाननीसाठी उत्तम आहे. संपादनाच्या पट्ट्या उघडल्या की मात्र त्याच्या पडद्यावर फोटोला फारशी जागा उरत नाही.

रंगांच्या बाबतीत साधा आयपॅड मागे पडतो. त्याचा पडदा एसआरजीबी या रंगांच्या लहान पल्ल्यापुरता मर्यादित आहे आणि काच व पडदा यांमध्ये पोकळी आहे. मिनी, एअर आणि प्रो अधिक विस्तृत पी३ रंग दाखवतात. कासच्या पठारावर ऑगस्ट-सप्टेंबरात फुलणाऱ्या जांभळ्या-निळ्या गालिच्यांचे फोटो पाहताना हा फरक डोळ्यांना जाणवतो. गॅलॅक्सी टॅबच्या ॲमोलेड पडद्याचे रंग मुळातच भडक लावलेले असतात, तेव्हा संपादनाआधी सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘नॅचरल’ निवडावे. आयपॅडवर पडद्याचे रंग आपोआप बदलणारे ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद करावे. उघड्यावर काम करायचे असेल तर ५०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजळपणाचे माप) ११ इंची एअर फिका वाटतो आणि १००० निट्सचा प्रो स्पष्ट दिसतो. प्रोसाठी जास्त पैसे मोजण्याचे हेच एक कारण मला सबळ वाटते.

पाऊस आणि ऊन हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे. आषाढीच्या वारीत दिवे घाटात पालखीसोबत चालणाऱ्या छायाचित्रकाराची बॅग कितीही झाकली तरी ओल धरते. गॅलॅक्सी टॅब एस९ पासूनच्या मुख्य मालिकेला, आणि स्वस्त एस९ एफईलाही, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे आयपी६८ मानांकन आहे. कोणत्याही आयपॅडला तसे मानांकन नाही. पोर्ट ओला असताना चार्जर लावू नये एवढे पथ्य पाळले, तर पावसाळी भटकंतीसाठी गॅलॅक्सी टॅब निर्विवाद उजवा आहे. उन्हाचे उलट आहे : तेथे कोणीच सुरक्षित नाही. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सांगते, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. उभ्या गाडीत टॅबलेट ठेवून जाऊ नये, आणि दुपारची प्रत पंख्याखाली करावी. टॅबलेट तापला की पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबते.

माझा कौल असा आहे. घरी मॅक किंवा आयफोन असेल आणि एकच टॅबलेट दीर्घकाळ वापरायचा असेल, तर २०२५ चा एम३ चिपचा ११ इंची आयपॅड एअर घ्यावा. तो ५९,९०० रुपयांना आला होता, तर एम४ चिपचा ११ इंची प्रो ९९,९०० रुपयांना. मधल्या चाळीस हजारांत चांगली एसएसडी, यूएचएस-२ कार्डे आणि दर्जेदार रीडर येतो, आणि फोटोंची खरी राखण हीच मंडळी करतात. पावसात वारंवार फिरणाऱ्याने आणि लाइटरूमवरच समाधानी असणाऱ्याने गॅलॅक्सी टॅब एस९ किंवा एस१०ची मुख्य मालिका पाहावी. एफई केवळ पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी घेतला, तर रोज रात्री संथ प्रतीची किंमत मोजावी लागेल. ३४,९०० रुपयांना आलेला साधा आयपॅड दिवसाला शंभर-दीडशे फोटो काढणाऱ्या कुटुंबवत्सल प्रवाशाला पुरतो, त्यापुढे नाही.

दुकानात जाताना आपले भरलेले कार्ड, रीडर आणि एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली एसएसडी सोबत न्यावी, कारण एक्सफॅट आयपॅड, अँड्रॉइड आणि विंडोज तिघांनाही वाचता-लिहिता येते. नमुन्याच्या टॅबलेटवर शंभर फोटोंची प्रत लावून घड्याळ पाहावे, आपल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडून पाहावी, आणि प्रत चालू असताना केबलला बोटाने हलकेच धक्का देऊन जोडणी टिकते का तेही तपासावे.