स्ट्रिप पोकर: सूझी-मेलिसा की सामंथा फॉक्स?
पोकर या पत्त्यांच्या डावावरचे हे दोन जुने संगणक-खेळ. हरला की कपडा उतरला, हा नियम दोन्हीकडे तोच. आर्टवर्क्सचा ‘स्ट्रिप पोकर’ १९८२ साली अ‍ॅपल टू या संगणकावर आला. समोर सूझी आणि मेलिसा, दोघीही चित्रातल्या. गाठीला शंभर डॉलर. संपले की अंगावरचा एक कपडा देऊन पुन्हा शंभर. नवे प्रतिस्पर्धी हवेत? वेगळी फ्लॉपी विकत घ्या. त्यांत पुरुषही मिळत. धंद्याची ही युक्ती खेळापेक्षा भारी!

मार्टेकचा १९८६ चा ब्रिटिश खेळ मात्र मॉडेल सामंथा फॉक्सच्या नावावरच चालणारा. फोटो खरे, पण कमोडोर ६४ या संगणकाच्या जाड ठिपक्यांत निम्मं काम कल्पनेनंच करायचं. रॉब हबर्डचं संगीत तेवढं झकास. पत्त्यांची हौस असेल, तर माझं मत सूझी-मेलिसाला.