मुंगळ्यांसाठी अ‍ॅक्रिलिकचं घर: कुणी घ्यावं, कुणी थांबावं

ऑनलाइन मागवलेलं हे मुंगीघर मला 1,800 रुपयांना पडलं. अ‍ॅक्रिलिकची पेटी, आत प्लास्टर ऑफ पॅरिसचे कप्पे, शेजारी खाणं ठेवायला मोकळी जागा. मुंगळ्यांची वसाहत तयार असेल तर जरूर घ्या. नुसती राणी असेल तर थांबा.

सोबतच्या कागदावर ‘घरच्या घरी पैदास करा’ असं छापलंय, त्याचा मला खरंच राग आला. मुंगळ्यांच्या राण्या आणि नर उडतात, मीलन तेव्हाच होतं. डब्यात ते जमवणं जवळपास अशक्य. त्या एका उड्डाणात मिळालेलं वीर्य राणी आयुष्यभर पुरवते, म्हणून पंख गाळून जमिनीवर फिरणारी राणीच शोधावी लागते. माझी इथे नागपुरात, बजाजनगरात रस्त्याच्या दिव्याखाली सापडली.

तिला या पेटीत सोडू नका. टेस्टट्यूबच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, तोंडाशी दुसरा बोळा, आणि अंधारा ड्रॉवर. खाऊ घालायची गरज नाही. पंखांचे स्नायू आणि अंगची चरबी जिरवून ती पहिली पिल्लं पोसते. अंड्यांचा चिकट झुबका जबड्यात धरून ओल्या कापसाजवळ नेताना तिला बघावं, इतकी जपून चालते! पहिले कामकरी बारकेच निघतात. दहा-वीस झाले की ट्यूब पेटीत ठेवा, ते आपणहून घर बदलतील.

प्लास्टरला पाणी द्यायचं छिद्र एका टोकाला आहे, ही या पेटीची सगळ्यात चांगली गोष्ट. एक बाजू ओली, दुसरी कोरडी राहते आणि मुंगळे अळ्या-कोष हवे तिथे हलवतात. मात्र नागपूरच्या मे महिन्यात दुपारपर्यंत सगळंच कोरडं पडतं, रोज सिरिंजने पाणी घालावंच लागतं.

हवेच्या छिद्रांची जाळी मात्र जाड आहे. मुंगळे बाहेर येत नाहीत, पण ओट्यावरच्या बारीक लाल मुंग्या साखरपाण्याच्या वासाने आत शिरल्या आणि कोष पळवायला लागल्या. विक्रेत्याला कळवलं, उत्तर नाही. आता पेटी पाणी भरलेल्या परातीत विटेवर उभी असते, पाण्यात साबणाचा थेंब. जाळी बदलायची तर स्टीलची बारीक जाळी नागपुरात सीताबर्डीला हार्डवेअरच्या दुकानात मिळते; पेटी आली की वसाहत सोडायच्या आधीच चिकटवून घ्या.