तीस रुपयांच्या पाकिटासाठी भांडायचं तर कुठे? १९१५, एफडीए की ग्राहक आयोग

संत्र्याच्या नागपुरात 'ऑरेंज' लिहिलेली बाटली घ्या, वर सोललेल्या फोडींचा मस्त फोटो, आणि मागे बारीक अक्षरात पाहिलं तर रस फक्त दहा-बारा टक्के. डोकं फिरतंच बाप्पा. पण फ्रूट ड्रिंकला नियमाप्रमाणे १० टक्के रस पुरतो, लिंबाला तर ५ च, त्यामुळे मागे खरं छापलं असेल तर केस लंगडी पडते. म्हणून आधी हे पाहा की तुम्हाला पैसे पाहिजेत का ते लेबल बदलायला पाहिजे, कारण दोन्ही एकाच दारात सहसा मिळत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, हे सगळ्यात सोपं आणि फुकट. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात, पुष्कळदा रिफंड नाहीतर नवीन पाकीट देऊन मिटतं. पण हे काही कोर्ट नाही, कंपनीने हात वर केले की तिथंच संपलं. तरी सुरुवात इथूनच करा, पुढे आयोगात गेलात तर कंपनीला कळवलं होतं याचा पुरावा राहतो.

एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन, तिथली तक्रार 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरूनही टाकता येते. चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत. ऐकायला भारी वाटतं, पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती छदाम नाही. मात्र लेबल बदलायचं असेल तर जोर इकडूनच लागतो. एप्रिल २०२४ मध्ये बॉर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका असं ऑनलाइन कंपन्यांना केंद्र सरकारनेच सांगितलं, आणि जूनमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, '१०० टक्के फ्रूट ज्यूस' हा दावा पाकिटावरून काढायला लावला. एकट्यादुकट्याच्या केसने हे होणं कठीणच.

आता आयोग. आपला जिल्हा ग्राहक आयोग सिव्हिल लाइन्सला आहे. कंपनी मुंबईची असो का दिल्लीची, तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असली तर फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. भरपाई मिळते ती इथंच, पण तुमचा मुद्दा मोजता येणारा असला तर.

तमिळनाडूतली केस बघा. सनफीस्ट मारी लाइटच्या पुड्यावर १६ बिस्किटं लिहिलेली, निघाली १५. आयटीसी म्हणाली आम्ही वजनावर विकतो, नगावर नाही, पुड्यावर ७६ ग्रॅम लिहिलंय. आयोगाने वजन पाहिलं तर ७४ भरलं! एका बिस्किटापायी १ लाखाची भरपाई. २०२१ चा पुडा, निकाल २०२३ ला. केरळात त्रिशूरला ब्रिटानियाचे ३०० ग्रॅमचे पुडे २६८ आणि २४९ ग्रॅम भरले, तिथे त्या ग्राहकाने आधी वजनमापेवाल्यांकडून म्हणजे वैधमापन विभागाकडून वजन करून घेतलं आणि मग आयोगात गेला. माझ्या मते पूर्ण केसमधलं सगळ्यात हुशारीचं काम तेच.

'हेल्दी', 'नॅचरल', 'आजीच्या हातची चव' असल्या शब्दांवर मात्र आयोगात जाऊ नका, काट्यावर काय ठेवणार? भेसळीचा संशय असेल तर आयोग नमुना लॅबला पाठवतो, पण त्याची फी तुम्हाला भरायला लागू शकते. कायद्यात निकालाला ३ महिने, लॅब असली तर ५ महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तारखांवर तारखा धरून चला.

तर वजन किंवा नग कमी, आणि पक्कं बिल हातात, तर आधी वजनमापे मग आयोग. खोटा दावा छापलाय आणि तो बंद व्हावा असं वाटतं तर एफडीए. नुसते तीस रुपये परत पाहिजेत तर १९१५ वर फोन लावा आणि कामाला लागा. इतवारीतून किराणा भरता तिथे बिल बहुतेक कच्च्या चिठ्ठीवर मिळतं, ते चालवून घेऊ नका, दुकानाचं नाव अन् तारीख असलेलं मागा. त्याच बॅचचा एक पुडा न फोडता ठेवून द्या. आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते.