तोटीचा खतडबा: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे घरीच खत करण्यासाठी गॅलरीत ठेवण्याचा, खाली तोटी आणि आत जाळी असलेला वीस लिटरचा प्लास्टिकचा खतडबा कसा असतो, हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरून लिहीत आहे. दोन डब्यांचा संच, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळलेल्या विरजणाची (कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांची) पिशवी, एक खुरपे आणि एक पुस्तिका, असे सगळे मिळून साडेचार हजारांच्या आसपास पडले. प्लास्टिक जाड आहे, झाकण घट्ट बसते, उन्हाने रंग उडालेला नाही. त्याविषयी काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते तोटीविषयी, आणि ते बरेच असल्यामुळे या लेखाचा मोठा भाग तोटीनेच व्यापला तर वाचकांनी समजून घ्यावे.

तोटीचे छिद्र डब्याच्या तळापासून जवळपास इंचभर वर पाडलेले आहे. आतून नट आवळण्यासाठी जागा हवी म्हणून ते वर घ्यावे लागले असणार. परंतु त्यामुळे डब्यात साचलेले पाणी कितीही वेळा काढले, तरी शेवटचे इंचभर पाणी तोटीतून कधीच बाहेर येत नाही, आणि दुर्गंधी सुटते ती नेमकी याच पाण्याला. ते काढायचे तर भरलेला डबा पुढे कलता धरावा लागतो. एका हाताने डबा कलता ठेवून दुसऱ्या हाताने खाली भांडे धरण्याचे काम, ज्याने हा डबा बेतला त्याने एकदाही करून पाहिलेले नसावे. तोटीचे आतले तोंडही इतके अरुंद आहे की लिंबाची एक बी किंवा कोथिंबिरीचे एक देठ अडकले की धार बंद होते. जाळीमुळे तसे होणार नाही, असे पुस्तिकेत म्हटले आहे. प्रत्यक्षात जाळीच्या कडेने फट राहते आणि सगळा गाळ तिथूनच खाली उतरतो.

हिवाळ्यात हे फारसे जाणवले नाही. मटाराची टरफले, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा असा कचरा असताना पाणी बेताचे सुटत होते आणि मी ओळखीच्या दोघीतिघींना हाच संच घ्यायला सुचवलेही होते. कलिंगड, खरबूज आणि आंब्याच्या साली सुरू झाल्या तसा डबा गळू लागला, आणि पावसाळ्याच्या तोंडाला तोटी मुळाशीच तडकली. काळसर पाणी गॅलरीच्या फरशीवर आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या आजींच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेले.

कंपनीच्या मदत क्रमांकावर मिळालेले उत्तर असे होते की तोटी हा झिजणारा भाग असल्यामुळे तो हमीत बसत नाही. ठीक आहे, विकत द्या, असे म्हटल्यावर कळले की तोटी सुटी मिळत नाही. डबाही एकटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागते. म्हणजे चहाच्या दोन कपांच्या किमतीच्या वस्तूसाठी पुन्हा साडेचार हजार. फोनवरची मुलगी सौजन्याने बोलत होती आणि दर वेळी “मॅडम, मी तुमची तक्रार वर पाठवते” असे सांगत होती. वर कोण बसले आहे, ते शेवटपर्यंत कळले नाही. पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पाण्याच्या पिंपाला लावायची तोटी दोन रबरी वायसरांसह अगदी किरकोळ किमतीत मिळाली. ती कंपनीच्या तोटीपेक्षा दणकट आहे आणि आजपर्यंत गळलेली नाही.

विषय इथेच संपला असता. परंतु तोटी बदलताना एक प्रश्न पडला तो पुढे सुटेना. खत हे हवेवर जगणाऱ्या जिवाणूंचे आणि बुरशींचे काम असेल, तर खत करण्याच्या भांड्याला तोटी आणि घट्ट झाकण मुळात कशासाठी?

ही सगळी रचना जपानमधील बोकाशी पद्धतीची आहे. ओकिनावातील रियुक्यू विद्यापीठाचे प्राध्यापक तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणलेल्या सूक्ष्मजीवांच्या मिश्रणामुळे ती जगभर पोहोचली. तीत लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू आणि यीस्ट यांच्या साहाय्याने कचरा हवाबंद डब्यात आंबवतात. तिथे पाणी सुटणे अपेक्षितच असते आणि ते काढण्यासाठी तोटी आवश्यकच असते. मात्र दोनेक आठवड्यांनी डब्यातून जे निघते, ते खत नव्हे. ते मुरलेल्या लोणच्यासारखे असते. फोड न् फोड ओळखू येते, वास आंबट येतो, आणि मातीत गाडल्यानंतर आणखी काही आठवड्यांनी त्याची माती होते. ज्यांना अंगण किंवा परस आहे त्यांच्यासाठी ही पद्धत उत्तमच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते गाडायचे कुठे, याविषयी आमची पुस्तिका गप्प आहे. किंबहुना ती दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभी आहे. एका पानावर झाकण घट्ट लावण्यास सांगितले आहे आणि पुढच्याच पानावर कचरा रोज ढवळून हवा देण्यास सांगितले आहे. भांडे एका पद्धतीचे आणि आश्वासन दुसऱ्या पद्धतीचे, असा हा माल आहे.

हवेवर चालणाऱ्या पद्धतीसाठी तर आपल्याला लांब जाण्याचे कारणच नव्हते. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने ते पालटून खत करण्याची रीत बसवली, आणि ती इंदूर पद्धत म्हणून इंग्लंडपर्यंत गेली. तीत ओलावा आणि हवा यांच्या प्रमाणावर सगळा भर होता. तोटीवर नव्हता.

म्हणून भर पावसाळ्यात दोनपैकी एका डब्याच्या चारी बाजूंना ड्रिलने छिद्रे पाडून घेतली आणि झाकणाऐवजी मच्छरदाणीचे कापड ताणून बांधले. असे केल्याने हमी रद्द होते; पण त्या हमीचे मोल तोवर कळून चुकले होते. पाणी आणि कोरडा माल यांचा हिशेबही नव्याने मांडला. भाजीपाल्याच्या कचऱ्यात ८० टक्के आणि अनेकदा त्याहूनही अधिक पाणी असते, तर कुजण्याची क्रिया नीट चालण्यासाठी मिश्रणात ते ५० ते ६० टक्के असावे लागते. एक किलो कचऱ्यात जेमतेम १० टक्के ओलावा असलेली ४०० ग्रॅम वाळलेली पाने मिसळली, तर एकूण १४०० ग्रॅममध्ये ८४० ग्रॅम पाणी होते, म्हणजे बरोबर ६० टक्के. पुस्तिकेच्या मते एका थराला त्यांच्या पिशवीतले मूठभर कोकोपीट पुरते. त्यांचे प्रमाण पाळले की पाणी उरणारच, आणि उरलेले पाणी बाहेर काढण्यासाठी मग तोटी लागणारच. पाने या प्रमाणात पडू लागल्यापासून छिद्रे पाडलेल्या डब्यातून थेंबभरही पाणी आलेले नाही. बोहरी आळीतली ती दणकट तोटी आता तिथे केवळ छिद्राचे बूच म्हणून उरली आहे.

कोकोपीटविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खरा आवर्ती खर्च तोच आहे. ते स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी शोषते हे खरे. परंतु शोषलेले पाणी मिश्रणातच राहते आणि बारीक भुशामुळे हवेच्या पोकळ्या बुजतात. शिवाय नारळाच्या काथ्यातून निघणाऱ्या या भुशात लिग्निन हा लाकडाला बळकटी देणारा घटक भरपूर असल्यामुळे तो सहजासहजी कुजत नाही. चाळल्यानंतर हाती येणाऱ्या तपकिरी, भुसभुशीत खतात बराचसा भाग आपणच विकत घेऊन घातलेल्या कोकोपीटचा असतो, आणि ते पाहून कचऱ्याचे किती खत झाले याचा आनंद मानायचा, हे काही मला पटले नाही. विरजणाचेही तेच. तयार खताची दोन ओंजळी नव्या थरात मिसळल्या की काम होते. दर दोन महिन्यांनी पिशवी मागवण्याची गरज नाही.

पानांना पुण्यात तोटा नाही. जानेवारीपासून मार्चपर्यंत पर्जन्यवृक्ष, पिंपळ आणि कडुनिंब यांच्या पानांचा सडा पडतो आणि सोसायट्यांच्या मागच्या बाजूला सकाळी त्याला सर्रास काडी लावली जाते. कचरा असा उघड्यावर जाळण्यास २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली, तरी धूर थांबलेला नाही. ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, अशांची गाठ घालून देणारा ब्राउन लीफ हा अदिती देवधर यांचा उपक्रम पुण्यातच सुरू झाला. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पर्जन्यवृक्षाच्या आणि गुलमोहराच्या बारीक पर्णिका लवकर विरतात. आंब्याची आणि देशी बदामाची पाने चिवट असतात, ती चुरून घातल्याशिवाय महिनोन्महिने जशीच्या तशी राहतात. पावसाळ्यापूर्वी चार-पाच पोती भरून कोरड्या जागी ठेवावी लागतात, आणि फ्लॅटमध्ये ही जागा काढणे हे खत करण्यापेक्षा अवघड आहे.

अळ्यांविषयीचे मत मात्र मला बदलावे लागले. पावसाळ्यात चपट्या, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्यावर सगळा डबा फेकून देण्याची इच्छा झाली होती. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आहेत, ती माशी चावत नाही, आणि या अळ्या कलिंगडाच्या सालीचा फडशा पाहता पाहता पाडतात, हे कळल्यावर त्यांना राहू दिले. एकच उपद्रव असा की कोष करण्याची वेळ आली की त्या काळपट होऊन डब्याबाहेर चढतात आणि कोरडी जागा शोधत फिरतात. झाकणाचे कापड दोरीने घट्ट आवळले नाही, तर त्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतात. घरच्यांचा विरोध या एकाच मुद्द्यावर आहे आणि तो रास्त आहे.

इतक्या लहान डब्यात ढीग तापत नाही, त्यामुळे टोमॅटो, भोपळा, कारले यांच्या बिया जिवंत राहतात आणि ज्या कुंडीत खत घालावे तिथे उगवून येतात. मोगऱ्याच्या कुंडीत भोपळ्याचा वेल नको असेल, तर बिया आधीच वेगळ्या काढाव्यात. खत पिकायला दीड ते दोन महिने लागतात आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा येतो. कुजका किंवा अमोनियाचा वास आला, तर पाने वाढवावीत.

छिद्रे न पाडलेला दुसरा डबा काही काळ नुसता पडून होता. तो विकून टाकण्याचा विचार होता, परंतु आता त्याच्याविषयीही मत पालटले आहे. उरलेला भात, खरकटे, मासळीचे काटे असे जे उघड्या डब्यात घालता येत नाही, ते मी त्यात रीतसर बोकाशीने आंबवते आणि नंतर कुंड्यांतील जुन्या मातीबरोबर एका टबात थर देऊन मिसळते. महिन्याभरात त्याची माती होते. या कामासाठी तोटी हवीच, आणि तिथे मी बोहरी आळीतलीच दुसरी तोटी बसवून घेतली आहे, तीही छिद्र शक्य तितके खाली पाडून. मूळ छिद्र एमसीलने बुजवले.

साडेचार हजार रुपये या संचासाठी योग्य आहेत का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर नाही असे आहे. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली भंगारवाल्याकडे शे-दीडशे रुपयांत मिळते. तिला छिद्रे पाडून वर कापड बांधले की साध्या खतासाठी आणखी काही लागत नाही. बोकाशीच करायची असेल आणि तयार संचच घ्यायचा असेल, तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला सुटी तोटी दाखवायला सांगावी. ती त्याच्याकडे नसेल, तर दुसऱ्या दुकानात जावे.