पीएमए मागवू की एफएमएलपी? पांढऱ्या पेशी पेटवायला कुठलं केमिकल बरं

मामेभावाची पोरगी इथंच विद्यापीठात एम.एस्सी. करतीय, परवा राजारामपुरीत मिसळ खाता खाता म्हणाली, आत्या, प्रोजेक्टला माणसाच्या न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) घेतल्यात आणि सर म्हणतात बजेटात एकच स्टिम्युलंट (पेशी पेटवणारं केमिकल) बसतं, मग पीएमए घेऊ का एफएमएलपी? मी म्हटलं आधी कट जपून घे आणि मग सांग की तुला बघायचंय काय. तर तिला अडुळशाच्या पानांच्या अर्कानं या पेशींचा भडका कमी होतो का ते बघायचंय. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते, दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच.

भडका म्हणजे काय, तर या पेशीला जंतूची चाहूल लागली की ती दणादण ऑक्सिजन ओढते. 1933 मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्डनी हे टिपलं होतं, पण हा ऑक्सिजन मायटोकॉन्ड्रियासाठी, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरासाठी, नसतोच, त्यांचा श्वास बंद पाडणारं सायनाइड टाकलं तरी हे चालूच राहतं. पेशीच्या पडद्यातलं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजपासून आलेल्या एनएडीपीएचचा इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनवर चढवतं आणि सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं तिखट, चटकन झोंबणारं रूप) तयार होतं, ते 1973 मध्ये बेबियरच्या गटानं दाखवलं. पुढं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मायलोपेरॉक्सिडेजच्या मदतीनं हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे जवळजवळ घरातलं ब्लीचच की. एरवी हे यंत्र सुटं पडलेलं असतं, काही भाग पडद्यात, काही आतल्या पाण्यात. केमिकलचं काम ते जोडायला लावायचं, आणि दोघांचा फरक तिथंच आहे.

पीएमए, म्हणजे फॉर्बोल मायरिस्टेट ॲसिटेट, मूळ जमालगोट्याच्या तेलातलं, होय, तोच जुलाबाचा जमालगोटा. ते डायॲसिलग्लिसरॉलचं (पेशीतल्याच एका निरोप्या रेणूचं) सोंग घेऊन थेट आत घुसतं आणि प्रोटीन कायनेज सी हे भडका चालू करणारं एन्झाइम जागं करतं, रिसेप्टर बिसेप्टर काही विचारत नाही. दार न वाजवता माजघरात येऊन मोटरचं बटण दाबणारा पाहुणा. अर्धा-एक मिनिट काही दिसत नाही आणि मग भडक्याचा जो ग्राफ चढतो तो बराच वेळ उतरत नाही. साधारण 100 नॅनोग्रॅम प्रति मिली पुरतं. नवख्यासाठी लई भारी, पेशी जिवंत असतील तर ग्राफ येणारच. फक्त ग्लोव्ह्ज घालून हाताळा, ते ट्यूमर प्रमोटर (गाठी वाढायला हातभार लावणारं) आहे, आणि डीएमएसओ या द्रावकात विरघळवून छोटे छोटे भाग करून अंधारात फ्रीझरला ठेवा.

एफएमएलपी वेगळ्या जातीचं. बॅक्टेरिया प्रोटीनची सुरुवात फॉर्मिल-मेथायोनिननं करतात, आणि हा तीन अमायनो आम्लांचा तुकडा त्याचीच नक्कल, म्हणजे पेशीला वाटतं जंतू आला. रिसेप्टर, जी-प्रोटीन, फॉस्फोलायपेज सी, कॅल्शियम अशी निरोप पोचवणारी सगळी साखळी फिरते. सुरुवात सेकंदात, पण काही मिनिटांत खेळ खलास, आणि नुसतं टाकलं तर ग्राफ एवढासा. तालमीत दंडबैठका न मारता पैलवान आखाड्यात उतरवल्यासारखं. आधी टीएनएफ (शरीरातलं सूज चेतवणारं प्रोटीन) किंवा थोडं सायटोकॅलॅसिन बी (पेशीचा आतला सांगाडा ढिला करणारं रसायन) दिलं की मग खरा जोर दिसतो, म्हणजे अजून एक बाटली, बजेट बघा.

माझी फजिती सांगते. पहिल्यांदा मी पेशी कॅल्शियम नसलेल्या पीबीएस बफरमध्ये (मिठाच्या द्रावणात) ठेवल्या आणि एफएमएलपीचा ग्राफ सपाट, पीएमएचा मात्र झकास. दोन दिवस मी केमिकल खराब निघालं म्हणून डीलरला शिव्या घालत बसले आणि चूक माझ्याच बफरची होती 😅 पीएमएला बाहेरच्या कॅल्शियमचं फारसं अडत नाही, एफएमएलपीचं लई अडतं.

आता अडुळशाचं. नुसतं पीएमए वापरलं आणि भडका कमी झाला तर अर्क कायनेजवर बसला, ऑक्सिडेजवर बसला, का नुसता तयार झालेला सुपरऑक्साइड खाऊन टाकला, काहीच कळणार नाही. शेवटचं तर वनस्पतीच्या अर्कात कायम होतं, म्हणून पेशी न घालता झँथिन-झँथिन ऑक्सिडेजचा (पेशीशिवाय सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या जोडीचा) कंट्रोल लावाच. एफएमएलपीचा भडका दबला आणि पीएमएचा नाही, तर मामला वरच्या साखळीत आहे, आणि सूज कमी करणाऱ्या औषधासाठी तीच गोष्ट जास्त कामाची. माझं मत विचाराल तर दोन्ही छोट्या बाटल्या घ्या, दोन मैत्रिणींनी मिळून घेतल्या तरी चालतं. एकच घ्यायची सक्ती असेल तर पीएमए, पण मग थिसिसमध्ये सिग्नलिंगच्या गप्पा मारू नका.

सीरम लावलेलं झायमोसन, म्हणजे यीस्टची भिंत, तेही वापरतात. पेशी ते गिळते म्हणून खऱ्या संसर्गाच्या सगळ्यात जवळचं, पण भडका आत कप्प्यात होतो आणि पेशीबाहेरचं सुपरऑक्साइड मोजणाऱ्या सायटोक्रोम सीवाल्या टेस्टला तो नीट दिसत नाही, भडक्यात उजेड देणारं ल्युमिनॉल लागतं. तो उजेड मोजणारा ल्युमिनोमीटर नसेल तर एनबीटी हा रंग आहेच, पिवळ्याचं निळं-जांभळं झालं की समजायचं.

आणि पोरगीला जाता जाता सांगितलं की आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग रक्त. काढल्यावर व्होर्टेक्स करू नको, पेशी तिथंच पेटतात, आणि त्याच दिवशी काही तासांत काम उरक. तर म्हणते कशी, आत्या, तुझंच रक्त घेऊ का?