समुपदेशनाच्या नावाखाली गळ्यात पडलेले कर्ज

बाळंतपणानंतर माझ्या पत्नीची झोप उडाली, ती उगाचच रडू लागली आणि बाळाला जवळ घ्यायलाही घाबरू लागली. घरातील थोरामोठ्यांनी ‘ओली बाळंतीण आहे, होईल हळूहळू बरी’ म्हणून विषय मिटवला, तेव्हा तिने मोबाइलवरील जाहिरात पाहून एका ऑनलाइन समुपदेशन संस्थेचे मोफत सत्र घेतले.

त्या सत्राच्या अखेरीस समुपदेशक बाईंनी सहा महिन्यांचा ‘प्रोग्रॅम’ पुढे केला. रक्कम 48,000 रुपये आणि सवलत फक्त त्या दिवसापुरती. एवढे पैसे हाताशी नाहीत म्हटल्यावर ‘मॅडम, बिनव्याजी हप्ते करून देतो’ असे सांगून लिंक पाठवण्यात आली आणि आधार, पॅन, ओटीपी सगळे घेण्यात आले. प्रत्यक्षात एका वित्तसंस्थेने पत्नीच्या नावावर कर्ज मंजूर करून पूर्ण रक्कम संस्थेला परस्पर देऊन टाकली होती आणि दरमहा 4,000 रुपये आमच्या खात्यातून कापले जाणार होते. सत्रे झाली काय किंवा न झाली काय, संस्थेचे पैसे केव्हाच वसूल झाले होते. डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडण्याची सोय रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच करून ठेवली आहे. ती मुदत संपेपर्यंत संस्थेची वागणूक अर्थातच फार गोड होती.

नंतर दर वेळी पडद्यावर नवीनच व्यक्ती येई आणि पत्नीला सगळे पहिल्यापासून सांगावे लागे. पैशांपेक्षाही गंभीर बाब म्हणजे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू का असे तिने विचारले तेव्हा ‘गोळ्यांची सवय लागते, दूध पाजताना तर नकोच’ असे तिला बजावण्यात आले. अखेर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठवले. तेथील डॉक्टरांनी हे प्रसूतीनंतरचे नैराश्य असल्याचे सांगून स्तनपान चालू ठेवूनही घेता येतील अशी औषधे दिली. केसपेपरचा खर्च किरकोळ होता.

मी संस्थेकडे नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा सोनेरी शिक्क्याच्या ‘लाइफ कोच’ प्रमाणपत्राचा फोटो आला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेले डॉक्टर असतात. दोन्ही नोंदी पडताळून पाहता येतात. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाची अशी नोंद असतेच असे नाही. त्यामुळे शिक्षण कोणते, कोठून आणि किती काळाचे, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे, आणि शुल्क शक्यतो सत्रागणिक द्यावे. तातडीने कोणाशी बोलायचे असल्यास 14416 हा शासनाचा ‘टेलिमानस’ क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

पैसे परत मागितल्यावर संस्थेने पावतीवर बोट ठेवले. तिच्यावर समुपदेशन हा शब्दच नाही. ‘डिजिटल वेलनेस कंटेंट, परतावा मिळणार नाही’ एवढेच बारीक अक्षरांत छापले आहे. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि चॅट, पावती व कर्जाचा करार जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. हप्ता थकवल्यास पत्नीचा सिबिल स्कोअर बिघडेल, म्हणून निकाल लागेपर्यंत तो आम्ही भरत आहोत.